औषधाचे त्रैराशिक

आमच्या वेळच्या शाळेत त्रैराशिक हा अंकगणिताचा कणा समजला जात असे. पाच नारळांस इतके रुपये, तर पंधरा नारळांस किती. चार मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर आठ मजूर किती दिवसांत बांधतील. अशी उदाहरणे आम्ही प्रथम विद्यार्थी म्हणून सोडविली आणि पुढे शिक्षक म्हणून शेकडो मुलांकडून सोडवून घेतली. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या लीलावतीत या रीतीची थोरवी मोठ्या आदराने वर्णिली आहे, व ती यथार्थच आहे. परंतु एखादे हत्यार फार चांगले चालू लागले म्हणजे ते कोठेही चालेल असे माणसास वाटू लागते. घरोघर दररोज घडणारा असा एक व्यवहार आहे की, ज्यात त्रैराशिक लावणे चुकीचे तर आहेच, पण कधीकधी घातकही आहे. तो व्यवहार म्हणजे औषध घेण्याचा. या चुकीची किंमत आमच्या कुटुंबाने एकदा मोजली आहे, व तीत आमचाही थोडा हात होता. म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

सुमारे १९७२ साल असेल. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होतो आणि आमचे एकत्र कुटुंब गिरगावातील एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत असे. घरचा सारा कारभार थोरल्या काकूंच्या हाती होता. काकूंचा आवाज खणखणीत, हात उदार आणि हिशेब चोख. त्यांस रक्तदाबाचा विकार जडला व डॉक्टरांनी रोज एक बारीकशी गोळी घेण्यास सांगितले. आठ दिवसांनी दाब मोजला तो थोडासाच उतरलेला. काकूंनी मनाशी त्रैराशिक मांडले: एका गोळीने इतके उतरले, तर दोन गोळ्यांनी दुप्पट उतरेल. शिवाय ती गोळी झाडाच्या मुळीपासून केलेली आहे असे कोणीसे त्यांस सांगितले होते. मग मुळीचे भय ते काय? महिन्याच्या तीस गोळ्या पंधराव्या दिवशी संपू लागल्या. दुसरी पुडी आणण्यास दुकानात कोणास धाडीत असतील, तर ते आम्हांसच. “बाळ, काकांना सांगू नकोस हं. उगीच काळजी करतील,” असे त्या म्हणत आणि आमच्या हातावर वर चार आणे ठेवीत. आम्ही कोणास काही बोललो नाही.

दीड-दोन महिन्यांत काकू निराळ्याच झाल्या. आवाज बसका झाला. नाक सदा चोंदलेले असे. दुपारी तांदूळ निवडावयास बसल्या म्हणजे सूप मांडीवर तसेच राही आणि त्या खिडकीबाहेर पाहत बसत. मुलांवर रागावणेही त्यांनी सोडून दिले, आणि मुलांस त्या रागापेक्षा या शांततेचे भय अधिक वाटू लागले. घरात कोणी म्हणे, वयाचा परिणाम. कोणी म्हणे, मोठ्या मुलाच्या नोकरीची चिंता. एके दिवशी पहाटे अंथरुणावरून एकदम उठून त्या नळाकडे निघाल्या, त्यांस भोवळ आली आणि दाराच्या उंबऱ्यावर पडून मनगट मोडले. डॉक्टर घरी आले. त्यांनी हाताला फळी बांधली, रक्तदाब मोजला आणि मग शांतपणे गोळ्यांची पुडी मागून घेऊन उरलेल्या गोळ्या मोजल्या. हिशेब जमेना. तेव्हा आम्हांस रडू कोसळले आणि सारे बाहेर पडले.

ती गोळी कशाची होती, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. ती होती सर्पगंधेच्या सत्त्वाची. आणि त्या सत्त्वाच्या कथेतील एक महत्त्वाचा अध्याय आमच्या गिरगावापासून फार दूर नव्हे, परळ येथे घडला आहे.

सर्पगंधा ही आपल्या देशातील जुनी वनस्पती. सर्पदंश, निद्रानाश, उन्माद अशा विकारांवर तिच्या मुळीचा उपयोग वैद्य व सामान्य लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ती उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचे लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्यातील काही सत्त्वे वेगळी काढली व त्यांतील एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. तरीही पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे लक्ष गेले नाही. ते वेधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. परळचे किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय, ज्यास आपण सारे के.ई.एम. म्हणतो, ते १९२६ साली सुरू झाले. तेथे काम करीत असता डॉ. वकिलांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांस ही मुळी पद्धतशीर रीतीने देऊन पाहिली, दाबाचे आकडे नोंदले, आणि १९४९ साली तो वृत्तांत ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो वाचून अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी आपल्या रोग्यांवर वापरून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतील प्रमुख सत्त्व वेगळे केले व त्यास ‘रेसर्पीन’ नाव दिले. डॉ. वकिलांस १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. रक्तदाबावर गोळी घेऊन तो ताब्यात ठेवता येतो ही आज कोणासही साधी वाटणारी गोष्ट त्या काळी नवलाची होती, आणि ती साधी करण्यात परळच्या त्या खाटांचा वाटा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका गोळीने थोडा गुण आला, तर दोन गोळ्यांनी दुप्पट का येऊ नये?

याचे उत्तर ज्यांनी प्रथम गणिताने दिले, त्यांची विचारसरणी अशी. औषध शरीरात जाते ते पाण्यात मीठ मिसळावे तसे सर्वत्र सारखेच काम करीत नाही. शरीरातील पेशींवर व पेशींच्या आत काही विवक्षित जागा असतात. औषधाचा रेणू त्या जागी जाऊन बसला तरच त्याचे कार्य घडते. केंब्रिजचे लँगली यांनी १९०५ साली निकोटीन व क्युरारी ही दोन विषे स्नायूंवर लावून पाहिली, व स्नायूत असे काही तरी ग्रहण करणारे द्रव्य असले पाहिजे असा निष्कर्ष काढला. जर्मनीत एर्लिक यांनीही अशाच जागांस ‘रिसेप्टर’ हे नाव दिले. आपण त्यास ‘ग्राही’ म्हणू. पुढे लँगलींच्याच प्रयोगशाळेत ए. व्ही. हिल नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने १९०९ साली या ग्राहींचे समीकरण मांडले, आणि १९२६ साली ए. जे. क्लार्क यांनी बेडकाच्या हृदयावर व स्नायूवर प्रयोग करून औषधाची मात्रा व तिचा परिणाम यांचे नाते आलेखाने दाखविले.

ते समीकरण चिन्हांनी न मांडता आपण पंगतीने मांडू. समजा, एका मंगल कार्यालयात १०० पाट मांडले आहेत आणि दाराशी पाहुण्यांची गर्दी आहे. हे पाहुणे चंचल आहेत. पाटावर येऊन बसतात, थोड्या वेळाने उठून जातात, पुन्हा दुसरा येऊन बसतो. दाराशी गर्दी जितकी अधिक व पाट जितके रिकामे, तितके बसणारे अधिक. आणि जितके पाट भरलेले, तितके उठणारेही अधिक. काही वेळाने बसणारे व उठणारे सारखे होतात आणि पंगत एका ठराविक प्रमाणात भरलेली दिसू लागते. अशी कल्पना करा की, एका विशिष्ट गर्दीला बरोबर ५० पाट भरतात. औषधाच्या बाबतीत या गर्दीस आपण ‘अर्धमात्रा’ म्हणू. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आमचे संस्कृतचे गुरुजी सांगत असत; औषधशास्त्र्यासही या अर्धमात्रेचे तेवढेच अगत्य आहे, कारण औषध ग्राहीस किती घट्ट बिलगते हे तीच सांगते. अर्धमात्रा जितकी लहान, तितकी मिठी घट्ट.

आता गर्दी दुप्पट करा. त्रैराशिकाने १०० पाट भरावयास हवेत. पण तसे होत नाही. भरलेले पाट आणि रिकामे पाट यांचे गुणोत्तर तेवढे दुप्पट होते. म्हणजे सुमारे ६७ भरतात व ३३ रिकामे राहतात. गर्दी तिप्पट केली तर ७५, चौपट केली तर ८०, नऊपट केली तर ९०. शंभरातील ९९ पाट भरावयाचे तर गर्दी ९९ पट हवी. तात्पर्य, त्रैराशिक येथेही आहे. पण ते भरलेल्या व रिकाम्या पाटांच्या गुणोत्तरास लागते, भरलेल्या पाटांस लागत नाही. कारण उघड आहे. पाहुणे वाढविता येतात, पाट वाढविता येत नाहीत.

इतके कळले म्हणजे दुप्पट औषधाचा धोकाही कळतो. कोणतेही औषध केवळ एकाच जातीच्या ग्राहीवर बसून राहत नाही. मात्रा वाढली की ते परक्या पंगतीतही शिरते. समजा, ज्या जागेवर औषधाचा गुण अवलंबून आहे तिच्या मानाने ज्या जागेवर अपाय अवलंबून आहे तिची अर्धमात्रा दहापट मोठी आहे. आता योग्य जागेच्या अर्धमात्रेच्या चौपट औषध घेतले, तर गुणाचे ८० पाट भरतात व अपायाचे सुमारे २९. तेच औषध दुप्पट करून आठपट घेतले, तर गुणाचे ८९ भरतात व अपायाचे ४४. म्हणजे गुणात भर पडली ९ पाटांची आणि अपायात १५ पाटांची! आमच्या काकूंस कोणी हा हिशेब मांडून दाखविला असता, तर त्यांनी दुसरी पुडी खचित आणविली नसती; हिशेबाच्या बाबतीत त्या कोणास फसत नसत.

पाटावर बसणारा प्रत्येक जण जेवतोच असेही नाही. काही पाहुणे पाट अडवून बसतात, पण पानाला हात लावीत नाहीत. त्यांच्यामुळे खऱ्या जेवणाऱ्यांस जागा मिळत नाही. पुष्कळ औषधे अशाच जातीची आहेत. जेम्स ब्लॅक यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत हृदयातील अ‍ॅड्रेनॅलिनचे पाट अडविणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध शोधले. त्यांस १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच पाटासाठी दोन जातींच्या पाहुण्यांची चढाओढ लागली असता कोणास किती पाट मिळतील, हेही याच गणिताने काढता येते.

सर्पगंधेच्या सत्त्वाची गोष्ट मात्र याहून थोडी निराळी आहे. मज्जातंतूंच्या टोकांशी अतिशय बारीक कोठारे असतात. त्यांत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन इत्यादी द्रव्ये साठविलेली असतात व वेळ येईल तेव्हा ती बाहेर सोडली जातात. ही द्रव्ये कोठारात भरण्याचे काम एक प्रथिन हमालासारखे करीत असते. रेसर्पीन या हमालास धरून ठेवते. मग बाहेर राहिलेला माल पेशीतील रसायने नष्ट करतात, व कोठारे हळूहळू रिती होतात. रक्तवाहिन्यांच्या तंतूंतील कोठारे रिकामी झाली की वाहिन्या सैल पडून दाब उतरतो. पण हीच कोठारे मेंदूतही आहेत. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की, रेसर्पीन दिल्यावर मेंदूतील सेरोटोनिन ओसरते. आणि मात्रा वाढली की काही रोग्यांस उदासपणा ग्रासतो, असा डॉक्टरांचा अनुभव त्याच सुमारास प्रसिद्ध होऊ लागला.

शिवाय हा पाहुणा बसला की सहसा उठतच नाही. पंगतीचे गणित पाहुणे उठतात या गृहीतावर उभे आहे. उठण्याचा वेग जवळजवळ शून्य झाला, तर थोड्याशा गर्दीनेही आज दोन, उद्या दोन असे करीत सारे पाट भरत जातात. म्हणून एका ग्रॅमचे चार हजार भाग करून त्यांतील एक भाग, एवढीशी मात्राही दिवसास पुरे होत असे. म्हणूनच तिचा पूर्ण गुण दिसावयास कित्येक दिवस लागत, आणि औषध थांबविल्यावरही परिणाम कित्येक दिवस टिके. आठव्या दिवशी दाब थोडाच उतरलेला पाहून काकूंनी उतावीळ केली. त्याच गोळीने आणखी दोन आठवड्यांत आपले काम केले असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात या आशयाचे वचन आहे की, तीक्ष्ण विषही योग्य योजनेने उत्तम औषध होते, आणि अयोग्य योजनेने औषधही विष होते. ‘योजना’ या शब्दात मात्रा आली आणि काळही आला.

डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरे औषध दिले. तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी दूध उतू गेले म्हणून काकू मोठ्याने रागावल्या. तो आवाज ऐकून स्वयंपाकघरात सारे हसू लागले, आणि काकू अधिकच रागावल्या. आमच्या आयुष्यात कोणाचे रागावणे आम्हांस इतके गोड लागले नाही.

ही जुनी गोष्ट आता आठवावयाचे कारण असे. काकूंची नात, आमची पुतणी, हल्ली औषधशास्त्रात संशोधन करते. परवा ती दादरला आमच्या घरी आली असता तिने आपल्या संगणकाच्या पडद्यावर एक चित्र काढून दाखविले. रंगीत फितींच्या गुंडाळ्यासारखे एक प्रथिन आणि त्याच्या पोटात अडकून बसलेला एक वेडावाकडा रेणू. “काका, ही पाहा आजीची गोळी,” ती म्हणाली. कोठारे भरणाऱ्या त्या हमालाची रचना, रेसर्पीनसह, शास्त्रज्ञांनी अलीकडेच, २०२३-२४ च्या सुमारास, अतिशीत इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने उलगडली आहे. परळच्या खाटांवर ज्याचा परिणाम दिसला, ते कुलूप डोळ्यांनी पाहावयास सत्तरांहून अधिक वर्षे लागली.

कुलूप दिसले म्हणजे नवी किल्ली घडविता येईल, असे कोणासही वाटेल. कुलूपकिल्लीची ही उपमा एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ सालीच वापरली होती. पण अडचण अशी की, रेणू ही लोखंडी किल्ली नव्हे. तिला सांधे असतात व ते फिरतात. समजा, एका रेणूस फिरणारे ६ सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा १२ स्थितींत ठेवून पाहावयाचा आहे. एवढ्यानेच सुमारे ३० लाख आकार होतात. तो रेणू तीन अक्षांभोवती प्रत्येकी १२ प्रकारे वळविता येतो. झाले सुमारे ५१६ कोटी. शिवाय कुलपाच्या पोकळीत त्यास एक हजार ठिकाणी ठेवून पाहावयाचे. मग सेकंदास एक हजार रचना तपासणारे यंत्र लावले तरी सुमारे १६० वर्षे लागतील. आणि ही केवळ एका किल्लीची कथा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचे पहिले मोठे गणकयंत्र काम करू लागले, त्यानंतर यंत्रे कल्पनेपलीकडे वेगवान झाली. पण वेगाबरोबर युक्तीही हवीच.

ती युक्ती शास्त्रज्ञांनी सृष्टीपासूनच उचलली, व ती आपल्या कोकणातील बागाइतदारास चांगली ठाऊक आहे. रायवळ आंब्याच्या कोया पेरल्या तर प्रत्येक झाडाचे फळ निराळे. बहुतेक आंबट, कित्येक रेषाळ, क्वचित एखादे उत्तम. बागाइतदार उत्तम तेवढे राखतो. त्याहून पुढे जाऊन दोन उत्तम जातींचा संकर करावा, तर एखाद्या रोपात दोहोंचे गुण उतरतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा आंबा निघाला व १९८१ साली लोकांपुढे आला, तो याच मार्गाने.

संगणकातही हेच करतात. रेणूचा प्रत्येक सांधा किती फिरविला, रेणू कोठे ठेवला, कसा वळविला, हे आकडे एका ओळीत लिहावयाचे. ही ओळ म्हणजे त्या रचनेचे बीज. प्रथम अशा शे-दीडशे ओळी यदृच्छेने लिहावयाच्या व प्रत्येक रचना कुलपात कितपत बसते यावर तिला गुण द्यावयाचे. नापास ओळी बाद. उरलेल्यांच्या जोड्या लावून एकीचा पूर्वार्ध व दुसरीचा उत्तरार्ध जोडावयाचा. कोठे एखादा आकडा मुद्दाम बदलावयाचा. आणि या नव्या पिढीची पुन्हा परीक्षा घ्यावयाची. अशा शेकडो पिढ्या यंत्रात थोड्याच वेळात होऊन जातात व गुणांची पातळी चढत जाते. या रीतीचे शास्त्र अमेरिकेतील जॉन हॉलंड यांनी १९७५ साली ग्रंथरूपाने मांडले. १९९८ साली कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी औषधाचा रेणू प्रथिनात बसविण्यासाठी तीत आणखी एक सुधारणा केली. प्रत्येक रचनेने आपल्या ‘आयुष्यात’ थोडे इकडेतिकडे सरकून जी सुधारणा मिळविली, ती तिच्या संततीस वारसा म्हणून द्यावयाची. मिळविलेले गुण संततीत उतरतात हे लामार्कचे मत प्राणिशास्त्राने टाकून दिले आहे. पण यंत्रात ते कामास आले! शाळेत नापास झालेला मुलगा पुढे व्यापारात नाव काढतो, त्यातलाच हा प्रकार.

या संकराच्या गणितात एका मराठी विद्वानाचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यातील कोसबेन येथे १९०७ साली जन्मलेले, बौद्ध वाङ्मयाचे पंडित धर्मानंद यांचे चिरंजीव. लोक त्यांस इतिहासकार म्हणून ओळखतात. पण ते मुळात गणिती, आणि १९४५ पासून १९६२ पर्यंत मुंबईस टाटा संस्थेत होते. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधाचा विषय असा: आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांची अदलाबदल होताना जवळजवळचे गुण बहुधा एकत्र राहतात व दूरचे विलग होतात, तर ते किती वेळा विलग झाले यावरून त्यांच्यातील अंतर कसे काढावे? येथेही सरळ त्रैराशिक चालत नाही, कारण दोन गुणांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ते पुन्हा एकत्रच दिसतात, आणि एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी सहसा होत नाही. या दोन्ही गोष्टी जमेस धरणारे जे सूत्र कोसंबींनी दिले, ते त्यांच्या नावाने आजही पिकांचे व प्राण्यांचे आनुवंशिक नकाशे करताना जगभर वापरतात. यंत्रातील संकरासही हे तत्त्व लागू पडते. ओळीत जवळ लिहिलेले आकडे एकत्र वारशाने जातात, म्हणून कोणते आकडे शेजारी लिहावयाचे याचाही विचार करावा लागतो.

इतके ऐकून आम्ही पुतणीस विचारले, “मग यंत्राने पहिला क्रमांक दिलेली किल्ली औषध म्हणून चालते ना?” ती हसली. “बहुतेक वेळा नाही चालत, काका.” कारण यंत्राचे गुण हे अनुमान असते. खरे प्रथिन चित्रासारखे स्थिर नसते, ते श्वास घेतल्यासारखे हालत असते. त्याभोवती पाणी असते. आणि रेणू पोटातून रक्तात व रक्तातून त्या जागी पोहोचला पाहिजे, वाटेत यकृताने त्याचे तुकडे करता कामा नयेत, परक्या पंगतीत त्याने शिरता कामा नये. म्हणून यंत्राने लाखांतून शंभर निवडले, तरी ते शंभर परीक्षानळीत, मग प्राण्यांत, आणि शेवटी संमती घेतलेल्या माणसांत मोठ्या सावधपणे तपासावे लागतात. यंत्राने शोध आटोपशीर केला आहे, परीक्षा संपविलेली नाही. शेवटची परीक्षा डॉ. वकिलांनी १९४९ साली दिली तशीच आहे: रोगी, मात्रा, मापन, आणि प्रामाणिक नोंद.

आमच्या वाचकभगिनींस व वाचकबंधूंस या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. किल्ली घडविणे तज्ज्ञांचे काम, हे खरे. परंतु जी मात्रा ठरविण्यासाठी इतक्या विद्वानांनी आयुष्ये वेचली, ती घरी पाळणे हे आपले काम आहे. गुण कमी वाटला म्हणून गोळी दुप्पट करू नये. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. शेजाऱ्यास मानवले ते आपणांस मानवेलच असे धरू नये. मुळी, पाला, चूर्ण म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तर सर्पगंधेने कायमची खोटी पाडली आहे. जे गुण करू शकते ते अपायही करू शकते. घरातील वडील मंडळी कोणकोणती औषधे घेतात, वैद्याची असोत वा डॉक्टरांची, ती एका कागदावर लिहून ठेवावी व प्रत्येक वेळी डॉक्टरांस दाखवावी. आणि एखादे माणूस अकारण अबोल झाले, तर त्याच्या स्वभावास किंवा वयास दोष देण्यापूर्वी त्याच्या गोळ्या मोजाव्यात.

रेसर्पीनची गोळी आता फारशी कोणी देत नाही. तिच्याहून सौम्य व नेमकी औषधे पुष्कळ निघाली. काकूंसही जाऊन बरीच वर्षे झाली. मनगट सांधल्यावर त्यांनी घरात एक नियम घातला: औषधाची पुडी आणावयाची ती काकांना सांगूनच, आणि ती आणणाऱ्या मुलास वरचे पैसे द्यावयाचे नाहीत. तो नियम आमच्या दादरच्या घरात अद्याप चालू आहे.